छातीत पुन्हा पाणी भरते तेव्हा: मेसोथेलिओमाची लक्षणे कशी ओळखावीत

छातीत पाणी झाले आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की घरातल्या माणसांच्या तोंडी लगेच टीबीचे नाव येते. बहुतेक वेळा ती शंका रास्तही असते, कारण फुप्फुसाभोवती पाणी साठण्याच्या आपल्याकडील प्रमुख कारणांत क्षयरोग आहेच. परंतु ज्याने तरुणपणी बॉयलरवर, रेल्वेच्या कारखान्यात, गोदीत किंवा सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात काम केले आहे, अशा साठी ओलांडलेल्या माणसाच्या छातीत एकाच बाजूला पाणी झाले, ते काढले आणि काही आठवड्यांत पुन्हा भरले, तर आणखी एका आजाराचे नाव डॉक्टरांसमोर स्पष्टपणे घेतले गेले पाहिजे. तो आजार म्हणजे मेसोथेलिओमा. तो दुर्मीळ आहे आणि म्हणूनच तो सहसा कोणाच्या मनात येत नाही. रुग्णाने आणि घरच्यांनी काय पाहावे, काय लिहून ठेवावे आणि केव्हा कोणता प्रश्न विचारावा, हे क्रमाने सांगण्यासाठी हा लेख आहे. निदान डॉक्टरच करतील, मात्र त्यांना लागणारी अर्धी माहिती घरातच असते.

हा आजार कुठे आणि कशाने होतो

आपली फुप्फुसे, पोटातील आतडी आणि हृदय यांच्याभोवती पातळ, ओलसर आवरण असते. या आवरणाच्या पेशींचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. फळाचा गर आणि त्याची साल जशी वेगळी, तसा फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा हा कर्करोग वेगळा आहे. साधारण पाचांतील चार रुग्णांत तो फुप्फुसाच्या आवरणात सुरू होतो, उरलेल्यांपैकी बहुतेकांत पोटाच्या आवरणात, आणि अगदी थोड्यांत हृदयाच्या किंवा वृषणाच्या आवरणात.

त्याचे मुख्य कारण ॲस्बेस्टॉस. या खनिजाचे तंतू इतके बारीक असतात की ते डोळ्यांना न दिसता श्वासाबरोबर आत जातात, फुप्फुसाच्या खालच्या भागात रुततात आणि तिथून आवरणापर्यंत पोहोचतात. शरीराला ते विरघळवता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्याभोवतीचा दाह वर्षानुवर्षे चालू राहतो. १९६० साली दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांताच्या वायव्य भागातील डॉक्टरांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातील ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली, आणि हा आजार व ॲस्बेस्टॉस यांचा संबंध जगासमोर ठळकपणे आला. त्या रुग्णांत केवळ खाणकामगार नव्हते. लहानपणी खाणीच्या आसपास राहिलेली माणसेही होती. निळे, तपकिरी आणि पांढरे अशा सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसमुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मान्य केलेले आहे. भारतात खाणकामाचे नवे परवाने १९८६ पासून थांबले, तरी पांढरे ॲस्बेस्टॉस परदेशातून येतच राहिले.

लक्षणांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मधला काळ. धूळ छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत बहुधा २० ते ५० वर्षे जातात. १९८० साली तिशीत असलेल्या फिटरच्या छातीत गेलेली धूळ २००० ते २०३० या काळात केव्हाही बोलू लागते. तोपर्यंत तो निवृत्त झालेला असतो, कारखाना बंद पडून त्या जागी टॉवर उभा राहिलेला असतो, आणि डॉक्टरांनी 'काय काम करता?' असे विचारले की उत्तर येते, 'काही नाही, घरीच असतो.'

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. विडी-सिगारेटमुळे मेसोथेलिओमा होत नाही. त्यामुळे कधीच न ओढणाऱ्या माणसाला तो होणार नाही असे मानू नये, आणि ओढणाऱ्याला झाला तर घरच्यांनी त्याच्या व्यसनाला दोष देत बसू नये.

पहिली पायरी: कामाचा इतिहास कागदावर उतरवा

लक्षणांच्या आधी ही पायरी ठेवण्याचे कारण असे, की हा इतिहास नसेल तर पुढची लक्षणे दुसऱ्याच आजाराच्या खात्यात जमा होतात. एक वही घ्या आणि वडिलांच्या, आईच्या किंवा स्वतःच्या पहिल्या नोकरीपासून सुरुवात करा. ठिकाण, साल, खाते आणि प्रत्यक्ष हाताने केलेले काम, असे लिहा. 'गिरणीत होते' एवढे पुरत नाही. गिरणीत मागावर होते की बॉयलर हाऊसमध्ये, हा फरक महत्त्वाचा आहे, कारण वाफेच्या नळांवर आणि बॉयलरवर उष्णता धरून ठेवण्यासाठी ॲस्बेस्टॉसचे लॅगिंग केलेले असे, आणि दुरुस्तीच्या वेळी ते फोडून काढावे लागे. औष्णिक वीजकेंद्रे, साखर कारखाने, रासायनिक कारखाने आणि वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती करणारे रेल्वेचे कारखाने यांनाही हेच लागू आहे.

विचारायचे ते साध्या शब्दांत विचारा. ॲस्बेस्टॉस हे नाव अनेकांनी कधी ऐकलेलेही नसते. पांढरी दोरी किंवा पांढरे कापड गरम नळाला गुंडाळत होता का? पंपाला पॅकिंग भरत होता का, गॅस्केट कापत होता का? गॅरेजमध्ये ब्रेकचे लायनर घासत होता का, ड्रममधली धूळ हवेच्या नळीने उडवत होता का? सिमेंटचे पत्रे किंवा पाइप करवतीने कापत होता का? मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातमधील अलंगला जुनी जहाजे तोडण्याचे काम केले का? जुन्या जहाजांच्या इंजिनखोल्या आणि नळ या पदार्थाने अक्षरशः वेढलेले असत. मुंबईच्या उपनगरांत ॲस्बेस्टॉसचे कारखाने अनेक दशके चालले. त्यांत कायम कामगारांच्या बरोबरीने कंत्राटी माणसेही होती, आणि त्यांची नावे कोणत्याही हजेरीपत्रकावर सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी वहीतली नोंद हाच पुरावा आहे.

घरातल्या बाईचा इतिहास वेगळा विचारा, कारण तो हमखास राहून जातो. नवरा पाळीवरून आल्यावर त्याचे कपडे झटकणारी आणि धुणारी ती असे, आणि धूळ त्या कपड्यांबरोबर घरात येत असे. कामावर एकदाही न गेलेल्या बायकांना आणि बापाच्या अंगाखांद्यावर खेळलेल्या मुलांना अशा धुळीमुळे हा आजार झाल्याच्या नोंदी जगभर आहेत.

डोक्यावर सिमेंटचे पत्रे असलेल्या घरात राहणाऱ्यांनी मात्र घाबरून जाऊ नये. पत्रा शाबूत असताना त्यातले ॲस्बेस्टॉसचे तंतू सिमेंटमध्ये घट्ट धरलेले असतात. खरा धोका पत्रा कापताना, भोके पाडताना, फोडताना आणि झिजलेला पत्रा कोरडा घासताना असतो. काही थोड्या रुग्णांत ॲस्बेस्टॉसचा संबंध कितीही शोधला तरी सापडत नाही. पूर्वी छातीवर घेतलेले रेडिएशन किंवा घराण्यातून आलेला जनुकीय दोष हीही कारणे असू शकतात. त्यामुळे वहीत काही सापडले नाही म्हणून शंका पूर्ण फिटत नाही, ती कमी होते इतकेच.

दुसरी पायरी: छातीची लक्षणे नीट पाहा

सर्वांत आधी जाणवतो तो दम. तो एका दिवसात येत नाही. दोन जिने सहज चढणारा माणूस पहिल्या जिन्यावर थांबू लागतो, बाजाराची पिशवी दुसऱ्याच्या हातात देतो, आणि विचारले की 'वय झाले' असे म्हणतो. हा दम सहसा फुप्फुसाभोवती साठणाऱ्या पाण्यामुळे असतो, आणि ते पाणी बहुधा एकाच बाजूला असते. अशा रुग्णाला अनेकदा पाण्याच्या बाजूच्या कुशीवर झोपल्यावर बरे वाटते, दुसऱ्या कुशीवर वळताच धाप लागते. घरच्यांनी आठवड्यातून एकदा लिहून ठेवावे: किती पायऱ्यांवर थांबावे लागले, किती उशा घेऊन झोप लागली. 'दम वाढला' या शब्दांपेक्षा ही नोंद डॉक्टरांना कितीतरी अधिक सांगते.

दुसरे लक्षण दुखण्याचे, आणि ते ओळखायला अवघड आहे. श्वास घेतल्यावर चमक मारते तसे ते नेहमी नसते. बहुतेक रुग्ण ते जड, बोथट, सतत ठसठसणारे दुखणे असल्याचे सांगतात. ते एकाच बाजूला बरगड्यांत, पाठीत किंवा खांद्यात असते, मलम लावून जात नाही, आणि महिन्यामहिन्याने वाढत जाते. खांद्याच्या दुखण्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला वाटते. श्वासपटलाच्या आवरणाला इजा झाली तर तिची वेदना मज्जातंतूंच्या जोडणीमुळे खांद्यात जाणवते, आणि मग रुग्ण महिनोन्महिने आखडलेल्या खांद्याचे व्यायाम करत राहतो. हात सर्व बाजूंना सहज फिरतो आहे आणि तरीही खांदा दुखतो आहे, शिवाय थोडा दमही लागतो आहे, असे असेल तर छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.

कोरडी ढास येऊ शकते, परंतु खोकला हे या आजाराचे ठळक लक्षण नव्हे. थुंकीतून रक्त पडणे यात क्वचितच आढळते. ते दिसले तर क्षयरोग किंवा फुप्फुसाचा कर्करोग यांचा विचार आधी होतो, आणि तपासणी लगेचच करावी लागते. वजन घटणे, अन्नावरची वासना जाणे, रात्री घाम येणे, बारीक ताप आणि कशानेही न जाणारा थकवा ही लक्षणे पुढे जोडीला येतात, आणि नेमकी हीच टीबीचीही लक्षणे असल्याने गोंधळ वाढतो. छातीच्या भिंतीवर, विशेषतः पूर्वी सुई किंवा नळी घातलेल्या जागी गाठ हाताला लागणे, गिळायला त्रास होणे, चेहरा व मान सुजणे ही आजार पुढे गेल्याची चिन्हे आहेत. तिथपर्यंत वाट पाहू नये.

पोटात सुरू होणारा प्रकार आणखी फसवा आहे. पोट हळूहळू फुगते पण हातपाय वाळत जातात, परकर किंवा पँट कमरेला घट्ट होते, थोडे खाल्ले तरी पोट भरते, बद्धकोष्ठ होते, बेंबीपाशी किंवा जांघेत नवा हर्निया दिसू लागतो. सोनोग्राफीत पाणी दिसते आणि विचार यकृताकडे किंवा पोटाच्या टीबीकडे जातो. बायकांमध्ये तो अंडाशयाच्या कर्करोगाकडे जातो, आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी दोन्हींत वाढू शकत असल्याने केवळ तिच्यावरून फरक करता येत नाही. हृदयाच्या आवरणात आजार असल्यास धडधड, दम आणि पायांवर सूज येते. वृषणाच्या आवरणातला प्रकार अंडवृद्धी म्हणून शस्त्रक्रिया करताना अचानक सापडतो.

तिसरी पायरी: टीबी की आणखी काही, हा प्रश्न योग्य वेळी विचारा

माझ्या मते सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे. छातीतले पाणी सुईने काढून तपासले की दोन्ही आजारांत ते प्रथिनयुक्त आणि लिम्फोसाइट पेशींनी भरलेले आढळू शकते. एडीए नावाच्या घटकाचे प्रमाण ४० च्या वर गेले की आपल्याकडे टीबी गृहीत धरून गोळ्या सुरू होतात, आणि क्षयरोगाचे प्रमाण पाहता तरुण, तापाने फणफणलेल्या रुग्णात ते योग्यच आहे. परंतु मेसोथेलिओमाच्या काही रुग्णांतही एडीए वाढलेले असते. फुप्फुसावरणाच्या टीबीत थुंकी तपासून जंतू न सापडणे नेहमीचे आहे, म्हणून 'जंतू सापडले नाहीत पण टीबीच आहे' हे वाक्य खरेही असू शकते आणि चुकीचेही.

अशा वेळी डॉक्टरांपुढे वही ठेवावी आणि नम्रपणे विचारावे: टीबीचे निदान जंतू सापडून झाले आहे की अंदाजाने? पाण्यात कर्करोगाच्या पेशी तपासल्या का? गोळ्यांनी किती दिवसांत फरक दिसायला हवा, आणि न दिसल्यास पुढची पायरी कोणती? टीबीच्या उपचाराने सहसा काही आठवड्यांत ताप उतरतो, भूक लागते, पाणी आटू लागते. दीड-दोन महिन्यांनंतरही दम आणि दुखणे वाढतच असेल, वजन घटतच असेल, किंवा काढलेले पाणी पुन्हा भरत असेल, तर फुप्फुसाच्या आवरणाचा तुकडा काढून तपासण्याचा आग्रह धरावा. ज्याच्या वहीत ॲस्बेस्टॉसची नोंद आहे त्याने एवढेही थांबू नये. मात्र टीबीच्या गोळ्या स्वतःहून मध्येच बंद करू नयेत, कारण निदान टीबीचेच निघाले तर अर्धवट उपचार फार महागात पडतो.

'पाण्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत' या ओळीने निर्धास्त होऊ नये. मेसोथेलिओमाच्या बहुसंख्य रुग्णांत पहिल्या वेळी पाण्यातून स्पष्ट निदान होत नाही. खात्रीचा मार्ग थोरॅकोस्कोपीचा आहे. त्यात बरगड्यांमधून छोटी दुर्बीण घालून आवरण प्रत्यक्ष पाहतात, साठलेले पाणी काढतात आणि संशयित जागेचे तुकडे घेतात. दहांतील नऊपेक्षा अधिक वेळा त्यातून निदान हाती येते.

चौथी पायरी: अहवालातले शब्द समजून घ्या

सीटी स्कॅनच्या अहवालात आवरण सर्व बाजूंनी, गाठीगाठींनी जाड झाले आहे, जाडी एक सेंटीमीटरहून अधिक आहे, किंवा हृदयाकडच्या बाजूचे आवरणही जाड आहे, असे लिहिले असेल तर कर्करोगाची शंका बळावते. पाणी भरपूर असूनही हृदय दुसऱ्या बाजूला ढकलले गेलेले नाही, उलट ती बाजू आकसली आहे, ही खूणही अनुभवी डोळा टिपतो. याउलट 'प्लाक' हा शब्द वाचून कोसळू नये. आवरणावरचे हे कडक, चुना साठलेले चट्टे म्हणजे पूर्वी ॲस्बेस्टॉस छातीत गेल्याची खूण. ते कर्करोग नव्हेत आणि त्यांचा कर्करोग होत नाही. परंतु ती खूण मिळाली की वहीतली नोंद पक्की होते.

तुकड्याची तपासणी करताना इम्युनो नावाच्या विशेष चाचण्या लागतात. कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ आणि डी२-४० या खुणा मेसोथेलिओमाच्या बाजूने बोलतात. टीटीएफ-१ आणि सीईए या बहुधा फुप्फुसाच्या कर्करोगाच्या बाजूने. पेशींचा प्रकारही लिहिलेला असावा: एपिथेलिऑइड, सारकोमॅटॉइड की मिश्र, कारण उपचारांची दिशा आणि आयुष्याचा अंदाज त्यावर ठरतो. हा आजार अनेक पॅथॉलॉजिस्टना वर्षानुवर्षे पाहायला मिळत नाही. म्हणून प्रयोगशाळेतून तपासणीच्या काचा (स्लाइड) आणि काढलेला तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा आणि परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कर्करोग रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. ब्लॉक हा रुग्णाचा हक्काचा ठेवा आहे, तो मागताना संकोच बाळगू नये.

कशाची वाट पाहू नये

अचानक वाढलेली धाप, वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ किंवा नखे निळसर होणे, छातीत तीव्र कळ, चेहरा व मान एकाएकी सुजणे, पोट ताठून उलट्या होणे आणि वारा न सरणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

ज्यांनी अशा कामात आयुष्य घालवले पण आज काहीच त्रास नाही, त्यांच्यासाठी मेसोथेलिओमा आधीच पकडून फायदा होतो असे सिद्ध झालेली कोणतीही नियमित तपासणी नाही. स्वतःच्या मनाने दरवर्षी सीटी स्कॅन करू नये. प्रत्येक नव्या डॉक्टरांना कामाचा इतिहास सांगावा, नवा दम किंवा एका बाजूचे दुखणे तीन आठवड्यांहून अधिक टिकले तर एक्स-रे काढावा, आणि ओढण्याचे व्यसन असल्यास सोडावे. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, म्हणून हे आवर्जून सांगावे लागते.

निदान झाल्यानंतर

बहुतेकांना हा आजार पूर्ण बरा होण्याची आशा देता येत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही करण्यासारखे पुष्कळ असते. पाणी पुन्हा भरू नये म्हणून आवरणाचे दोन थर एकमेकांना चिकटवता येतात, किंवा घरीच पाणी काढता येईल अशी बारीक नळी बसवता येते, आणि केवळ तेवढ्यानेही रुग्ण पुन्हा आडवा होऊन झोपू शकतो. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन यांची केमोथेरपी २००४ पासून वापरात आहे. २०२० पासून निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांची जोडी आली. ज्या चाचणीवर ती मान्य झाली, तिच्यात निम्म्या रुग्णांचे आयुष्य १८ महिन्यांच्या पुढे गेले. केमोथेरपी घेतलेल्यांत हाच आकडा १४ महिन्यांचा होता. ही औषधे अतिशय महाग आहेत, त्यामुळे सरकारी योजनेत काय बसते ते रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे पहिल्याच भेटीत विचारावे. वेदनाशमनाच्या तज्ज्ञांनाही सुरुवातीपासून सोबत घ्यावे, अखेरच्या दिवसांसाठी राखून ठेवू नये.

कागदपत्रांकडे याच काळात लक्ष द्यावे लागते. ॲस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा आपल्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे, म्हणजे त्याबद्दल नुकसानभरपाई मागता येते. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना असा आदेश दिला, की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपावी. ती नोंद लेखी अर्ज करून मागावी. कामगार विम्याचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, पगाराच्या जुन्या चिठ्ठ्या, गेटपास, युनियनची पावती, बरोबर काम केलेल्या दोघातिघांचे जबाब, जे सापडेल ते वहीबरोबर एका पिशवीत ठेवावे. दाव्यांना मुदत असते, म्हणून निदान हाती येताच कामगार संघटनेला किंवा वकिलाला भेटावे.

आणि रुग्ण दगावला, तर मृत्यूच्या दाखल्यासाठी डॉक्टर जे वैद्यकीय कारण लिहितात, त्यात केवळ 'श्वसनक्रिया बंद पडली' असे न लिहिता मूळ आजार म्हणून मेसोथेलिओमा लिहिण्याची विनंती तिथल्या तिथे करावी. पुढे कुटुंबाचा दावा त्या एका शब्दावर उभा राहतो, आणि तो शब्द नंतर घालून घेणे फार कठीण असते.